रस्ता सरळ झाला, जमीन कोणाची?

अंधेरीच्या बाजारातून स्वामी विवेकानंद मार्गाने चालताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. एक इमारत रस्त्याला खेटून उभी, शेजारची आठ-दहा फूट आत, तिसरी पुन्हा पुढे. आठवीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, बांधताना कोणी दोरी लावली नव्हती का?" वर्गात हशा पिकला. पण प्रश्न खरा इतिहासाचा होता.

हा रस्ता मूळचा घोडबंदर रस्ता. पूर्वेकडे कुर्ला, घाटकोपर, मुलुंडवरून ठाण्याकडे जाणारा आग्रा रस्ता, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, तेव्हा येथे एकसूत्री कारभार नव्हता. वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा लहान लहान नगरपालिका होत्या. खेड्यांकडे लोकल बोर्ड पाही. रस्ता एक, धनी अनेक!

पुढे १५ एप्रिल १९५० रोजी महापालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत आली. १ फेब्रुवारी १९५७ रोजी ती दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. सार्वजनिक रस्ते एका स्थानिक संस्थेकडून दुसरीकडे गेले. त्यासाठी खरेदीखत झाले नाही, किंमत ठरली नाही; कायद्याच्या शब्दाने जमिनीचा धनी बदलला.

रस्त्यांबरोबर मुंबई शहराचा १८८८ चा महापालिका कायदाही उपनगरात आला. दुकानांच्या त्या वेड्यावाकड्या रांगेचे उत्तर त्याच्या कलम २९७ ते ३०१ मध्ये आहे. आयुक्त रस्त्याची 'नियमित रेषा' आखतात. जुनी रेषा बदलायची तर आधी जाहीर सूचना द्यावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. मात्र रेषेच्या आत आलेले घर दुसऱ्या दिवशी पाडले जाते असे नाही. मालक ते नव्याने बांधू लागला, किंवा जमिनीवरच्या भागापैकी निम्म्याहून अधिक पाडू लागला, की त्याला मागे सरण्यास सांगता येते. सुटलेली पट्टी रस्त्याला मिळते, मालकाला भरपाई. म्हणून जो आधी बांधतो तो आधी मागे सरतो, आणि रस्ता सरळ व्हायला दोन-दोन पिढ्या लागतात. दोरी लावलेली असते, ती कागदावर!

या व्यवहाराची दुसरी बाजू लोकांना फारशी ठाऊक नसते. रेषा पलीकडे सरकली, तर अलीकडच्या मालकाला इमारत पुढे आणण्याची परवानगी मिळू शकते. मध्ये येणारी जागा महापालिकेची असेल, तर तो आदेशच हस्तांतरणाचा दस्त ठरतो. म्हणजे ही खरी देवाणघेवाण आहे. फक्त घेणे नाही.

हेच काम मोठ्या प्रमाणावर १९१५ च्या नगररचना कायद्याने केले. सगळ्या शेतांच्या हद्दी एकत्र करायच्या, सरळ रस्ते आखायचे, आणि प्रत्येकाला 'मूळ भूखंडा'ऐवजी 'अंतिम भूखंड' द्यायचा. वाद लवादापुढे. उपनगरांत आजही 'टी.पी.एस.' ही अक्षरे पत्त्यांत आढळतात, ती याच योजनांची खूण. लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांना ती ठाऊक असेल, देव जाणे.

रस्त्याची रेषा महापालिका आखते, पण जमिनीचे प्रॉपर्टी कार्ड नगर भूमापन कार्यालयात, म्हणजे महसूल खात्याकडे असते. एकीकडे झालेला बदल दुसरीकडे आपोआप उमटत नाही. मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तिच्या दर्शनी बाजूला जुन्या रस्त्याचे वळण होते. रस्ता सरळ होऊन वळण शाळेच्या कुंपणात आले. मुले तेथे लंगडी खेळत. नवे वर्ग बांधायचे ठरले तेव्हा कळले, की त्या तुकड्यावर अजून विसर्जित झालेल्या एका संस्थेचेच नाव आहे. नकाशा अडला. पुढे मुख्याध्यापकांनी कपाटातली प्रत्येक जुनी पावती बाहेर काढली. त्यांत भिंत पुढे घेण्याचा, वाळवी लागलेला एक आदेश सापडला. त्यावर सही होती, तारीख होती. पण तो नोंदीसाठी कोणी नेलाच नव्हता. मोजणी झाली, नाव लागले, आणि चार वर्षांनी तेथे पहिली वीट बसली. तोवर सहावी व सातवीचे वर्ग व्हरांड्यात भरत होते.