डावातील चौथी जागा

रिसोडच्या पारावर दुपारी पत्त्यांचा डाव रंगला, की खेळणारे चार आणि पाहणारे चौदा, असा प्रकार आम्ही अनेकदा पाहिला आहे. मागे उभा असलेल्यास दोन्ही पक्षांची पाने दिसतात. मात्र त्याने तोंड मिटून राहावे, असा तेथील अलिखित नियम. डावात लबाडी झाली, तर हा पाहणारा निर्दोष ठरतो काय?

हाच प्रश्न इटालियन चित्रकार काराव्हाज्जो (१५७१-१६१०) याने रोममध्ये रंगांतून विचारला, असे आम्हांस वाटते. 'पत्त्यांतील ठक' हे त्याचे तैलचित्र सुमारे १५९४-९५ सालचे. डावीकडे उंची वस्त्रांतला एक कोवळा मुलगा आपल्या पानांत गढून गेला आहे. त्याच्यामागून एक प्रौढ ठक डोकावतो आणि फाटक्या हातमोज्याची बोटे उंचावून साथीदाराला खूण करतो. उजवीकडचा तरुण साथीदार कमरेला पाठीमागे खोचलेले पान हळूच काढतो आहे. तिन्ही मस्तकांचा मिळून एक त्रिकोण होतो. उजेड डावीकडून, वरून येतो. भिंत फिकी व रिकामी असल्याने नजर दुसरीकडे वळत नाही. मुलाचा चेहरा, फाटका हातमोजा, पाठीमागचा हात असे सारे काही स्वच्छ दिसते. दिसते ते आपल्याला; मुलाला नव्हे. मेजाची आपल्याकडची बाजू चित्रकाराने मोकळी ठेविली आहे. ती चौथी जागा आपली होय.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातही विधुरपंडित जातकातील द्यूताचा प्रसंग रंगविलेला आहे. तेथे एकाच दिशेचा उजेड नाही. साऱ्या आकृती सारख्याच उजळलेल्या आहेत. काराव्हाज्जोने उजेडाला दिशा दिली आणि पाहणाऱ्याला साक्षीदार केले. कौरवांच्या द्यूतसभेतही शकुनीचे कपट वडीलधाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. दोष त्यांच्या मौनाचा होता.

हे चित्र कार्डिनल देल मोन्ते यांनी विकत घेतले आणि चित्रकाराला आपल्या वाड्यात आश्रय दिला. पुढे १५९९-१६०० साली, रोममधील संत लुईच्या फ्रेंच चर्चसाठी त्याने 'संत मत्तयाला पाचारण' हे चित्र रंगविले. पुन्हा तेच मेज, तशीच भपकेदार पोशाखातली तरुण मंडळी. पत्त्यांच्या जागी मात्र जकातीची नाणी. या वेळी उजेड उजवीकडून, प्रभू येशूच्या उंचावलेल्या हाताच्या वरून तिरपा आत शिरतो. चित्रातल्या खिडकीतून मात्र काहीच उजेड येत नाही. मेजाभोवतीच्या पाचांपैकी तिघे मान वर करतात. दोघे नाण्यांवरून नजर हलवीत नाहीत. पहिल्या चित्रात उजेडाने लबाडी दाखविली. दुसऱ्यात तो हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहतो.

चित्रकार स्वतः संत नव्हता. १६०६ साली झटापटीत त्याच्या हातून एका माणसाचा खून झाला व त्याला रोम सोडून पळावे लागले. त्याचे 'पत्त्यांतील ठक' हे चित्रही दीर्घकाळ बेपत्ता होते. १९८७ साली ते पुन्हा उजेडात आले. कापडाच्या पाठीवरील कार्डिनलच्या शिक्क्याने ओळख पटण्यास मदत झाली. आज ते अमेरिकेतील फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आहे.

चौथी जागा तेथेही मोकळीच आहे. पारावरही ती रोज मोकळी असते. तेथे बसून आपण काय पाहतो, हे उजेड ठरवितो; पाहून काय करतो, हे आपल्यालाच ठरवावे लागते.