राष्ट्रपतींची सही

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी मला म्हणाली, "काकू, राष्ट्रपती नुसती सही तर करतात, मग त्यांना एवढा मान कशाला?" तिळगूळ वाटण्याच्या गडबडीत उत्तर राहून गेले. ते या स्मरणिकेतून देते.

26 जानेवारी 1950 रोजी आपली राज्यघटना अमलात आली व डॉ. राजेंद्रप्रसाद पहिले राष्ट्रपती झाले. कारभार राष्ट्रपतींच्या नावाने, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावा, ही घटनेची योजना. इंग्लंडच्या राजाप्रमाणे राष्ट्रपती हे राष्ट्राचे प्रमुख, कारभाराचे नव्हेत, असे डॉ. आंबेडकरांनी 1948 सालीच घटना समितीत सांगितले होते.

या योजनेची कसोटी लागली ती, भगिनींनो, आपल्याच प्रश्नावर. 1951 साली हिंदू कोड बिल संसदेपुढे होते. राजेंद्रबाबूंना ते पसंत नव्हते. सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी असा कायदा होऊ नये आणि संमतीच्या वेळी आपण स्वतःच्या विवेकाने वागू, असे त्यांनी पंडित नेहरूंना कळवले. ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांचा अभिप्राय मात्र स्पष्ट होता: राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे. ते बिल तेव्हा बाजूला पडले. पुढे निवडणुका झाल्या, त्याचे चार कायदे झाले आणि 1955-56 मध्ये त्या चारही कायद्यांना राजेंद्रबाबूंनीच संमती दिली. मत वेगळे असूनही सही केली, यातच त्या पदाचा मोठेपणा.

त्यानंतर काही वर्षांनी माझे आजोबा वारले. त्यांनी स्वतः बांधलेल्या घराच्या उताऱ्यावर मामांच्या बरोबरीने आईचे नाव लागले. तो कागद आई ट्रंकेत लुगड्याखाली जपून ठेवी. त्यामागे कोणाची सही आहे, हे तिला ठाऊक नव्हते.

पण सहीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 25 जून 1975 च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी केवळ पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळ बसले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यावरून धडा घेऊन 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला. शिवाय कोणताही सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. तोच सल्ला पुन्हा आला, तर मात्र मानावाच लागतो. 1997 साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी अशीच परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली.

तेव्हा मुली, राष्ट्रपतींचा मान हुकूम सोडण्याचा नव्हे. सहीपूर्वी "पुन्हा एकदा विचार करा" असे सांगण्याचा आहे, आणि त्यानंतर लोकांनी निवडलेल्यांपुढे आपले मत बाजूला ठेवण्याचा आहे. आपल्या घरातली वडील माणसे असे वागली, तर त्यांचा मान कधी कमी झाला आहे का?