ब्राउझरात शिरलेल्या भाषांचं कूळ

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि केंद्राने एप्रिल २०२३मध्ये मंजूर केलेले २,६०० कोटी रुपये. तिथली मोजमापं हाती यायला वेळ आहे. पण अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ला टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर आजही कुणालाही उतरवून घेता येते. सेकंदाला ४,०९६ नोंदी, ३२ सेकंद, प्रत्येक नोंद ८ बाइटची धरली तर एका वेधशाळेचा ऐवज होतो १ एमबी. मोबाइलच्या फोटोहून लहान. अडतं ते गणिताच्या साधनांपाशी. कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की पासवर्ड सरांकडे, आणि सर रजेवर. ब्राउझर मात्र प्रत्येक संगणकावर असतोच. मग हे जड गणित त्यातच का करू नये?

ही इच्छा जुनीच आहे. मे १९९५मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जेम्स गॉसलिंग यांची जावा जाहीर केली. भाषा शिस्तीची. कोणत्या चलात काय ठेवणार ते आधी सांगायचं, चुकलं तर कंपायलर पुढे सोडत नाही. तिचे ॲपलेट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, वेबपानात बसत. त्याच महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एक सैल भाषा उभी केली. तिला पुढे जावास्क्रिप्ट हे नाव पडलं ते जावाचा गाजावाजा चालू होता म्हणून. बाकी नातं फारसं नाही.

ॲपलेट टिकले नाहीत. पुढेपुढे ते बाहेरून जोडलेल्या प्लगइनवर चालायचे. सायबर कॅफेतला तो करडा चौकोन भरेपर्यंत तासाचे पैसे संपत. शिवाय सुरक्षेची भोकं निघतच राहिली. २०१५मध्ये क्रोमने असल्या प्लगइनना दार बंद केलं.

म्हणून माझ्या मते या कुळाचा मूळपुरुष जावा नव्हे, एमस्क्रिप्टेन. मोझिलातले अलोन झकाय यांनी २०१०च्या सुमारास तो सुरू केला. सी आणि सी++ मधला कोड घ्यायचा आणि त्याचं जावास्क्रिप्ट करून टाकायचं, म्हणजे ब्राउझरकडे काही मागायलाच नको. जावासाठी अशी युक्ती गूगलने २००६मध्ये केली होती, पण वेगाचा प्रश्न तिथे सुटला नव्हता. तो सुटला २०१३मध्ये, एएसएम-जेएस नावाच्या जावास्क्रिप्टच्या पोटभाषेत, आणि कसा ते पाहण्यासारखं आहे.

जावास्क्रिप्टमध्ये संख्येचा प्रकार सांगायची सोय नाही. मग प्रत्येक बेरजेनंतर उत्तराची शून्याशी बिटवार ‘ऑर’ क्रिया करायची. दिसायला निरर्थक, पण त्यातून येणारं उत्तर ३२ बिटांचा पूर्णांकच असतो. ज्या ब्राउझरला ही खूण कळते तो सगळा कोड आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवतो. ज्याला कळत नाही, तो साधं जावास्क्रिप्ट समजून हळू का होईना, चालवतो. मोडत काहीच नाही. त्याच सुमारास गूगल नेटिव्ह क्लायंट नावाचा वेगळा रस्ता बांधत होतं. तो वेगवान होता, पण क्रोमपुरताच राहिला. इकडे २०१३मध्येच अनरिअल हे खेळांचं अवाढव्य इंजिन चार दिवसांत ब्राउझरात आणून दाखवलं गेलं, आणि कोणता रस्ता धरायचा हा वाद बराचसा मिटला.

एएसएम-जेएसची पुढची पायरी म्हणजे वेबअसेंब्ली. ती १७ जून २०१५ला जाहीर झाली. २०१७त ती चारही मोठ्या ब्राउझरांत पोचली आणि ५ डिसेंबर २०१९ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं मानक झाली. आता जावास्क्रिप्टचा वेष घ्यायची गरज नाही. संख्यांचे चार प्रकार उघड लिहिलेले, आणि एकही ओळ चालण्याआधी सगळ्यांची तपासणी. सुरुवातीच्या त्या गुरुत्वीय लहरीच्या १,३१,०७२ नोंदींचं गणित अशा ठिकाणी रमतं. अख्खा ॲरे एकदाच वेबअसेंब्लीच्या मेमरीत ठेवायचा आणि काम तिथेच उरकायचं. २०१८मध्ये मोझिलातूनच आलेल्या पायोडाइडने पायथन आणि त्याची सीमध्ये लिहिलेली गणिती लायब्ररी याच वाटेने ब्राउझरात आणली.

रस्ट या भाषेचं घरही पूर्वी मोझिलाच होतं. ग्रेडन होअर यांनी २००६मध्ये तिला फावल्या वेळात सुरुवात केली. व्हँकूव्हरमध्ये ते एकविसाव्या मजल्यावर राहत, आणि सॉफ्टवेअर कोसळल्यामुळे इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. मेमरीच्या चुका कंपायलरनेच पकडाव्यात, हा ध्यास त्यातून आला. नाव त्यांनी घेतलं ते पिकांवरच्या तांबेरा बुरशीचं, तिच्या चिवटपणाच्या कौतुकाने. (गव्हावर तांबेरा पाहिलेल्या शेतकऱ्याला हे कौतुक जड जाईल.) १५ मे २०१५ला तिची १.० आवृत्ती आली. सुरुवातीच्या वेबअसेंब्लीत वापरून झालेली मेमरी आपोआप आवरणारा गार्बेज कलेक्टर नव्हता. तो लागणाऱ्या भाषांना आपलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन यावं लागे. रस्टला तो लागतच नाही, म्हणून ती हलकी पडली.

‘यू’सारख्या फ्रेमवर्कमुळे आज अख्खं वेब ॲप रस्टमध्ये लिहिता येतं. तरी वेबअसेंब्ली पानावरच्या बटणाला थेट हात लावू शकत नाही. मध्ये जावास्क्रिप्टचा पातळ थर लागतोच. तो हाताने लिहायचा कंटाळा येणार, हे ओळखून वासम-बाइंडजेन नावाचं साधन तो आपसूक लिहून देतं.