गेदिमिनास मार्गावरील इमारत

बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेला लिथुआनिया हा लहानसा देश बहुसंख्येने कॅथलिक आहे. त्याच्या राजधानीत, विल्नियस नगरात, गेदिमिनास मार्गावर लुकिश्केस चौकासमोर एक भक्कम इमारत उभी आहे. रशियाच्या झारचा अंमल असताना, १८९९ साली, ती न्यायालयासाठी बांधली गेली. दोन महायुद्धांच्या दरम्यान नगर पोलंडच्या ताब्यात होते, तेव्हाही तेथे न्यायदानच चाले. १९४० साली सोव्हिएत सैन्य आले आणि न्यायालयाच्या तळघरात गुप्त पोलिसांचा तुरुंग झाला. १९४१ ते १९४४ या काळात तेथे जर्मनांचे गेस्टापो होते. ते हटताच सोव्हिएत गुप्त पोलीस परतले व १९९१पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या खात्याची नावे बदलत गेली; जगाला परिचित आहे ते केजीबी हे शेवटचे नाव.

या तळघराशी आपल्या धर्मसभेचे नाते फार जवळचे आहे. तेल्शायचे बिशप विन्सेन्तास बोरिसेव्हिच्युस यांनी खबऱ्या होण्यास नकार दिला. फेब्रुवारी १९४६मध्ये त्यांना अटक झाली आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला गोळी घालून ठार मारण्यात आले. १९४४ ते १९४७ या काळात येथे मृत्युदंड दिलेल्या सातशेहून अधिक जणांचे मृतदेह तुस्कुलेनाय नावाच्या जुन्या वाड्याच्या आवारात गुपचूप पुरले गेले. आप्तांना ना कबर कळली, ना तारीख. बिशपांसाठी मिस्सा अर्पण करणाऱ्यांनाही ते कोठे विसावले आहेत हे ठाऊक नव्हते.

पुढे १९ मार्च १९७२ रोजी, संत योसेफाच्या सणाला, ‘लिथुआनियातील कॅथलिक धर्मसभेची बखर’ हे गुप्त नियतकालिक निघू लागले. कोणत्या धर्मग्रामात मुलांना धर्मशिक्षण दिले म्हणून धर्मगुरूंवर खटला झाला, कोणत्या विद्यार्थ्याला चर्चला गेल्याबद्दल वर्गात हिणवले, अशा साध्या नोंदी त्यात असत. टंकलेखन यंत्रावर प्रती निघत व हातोहात फिरत. साम्राज्याला अशा साध्या नोंदींचे भय वाटावे, यातच त्यांचे मोल आले. १९७४ साली निजोले सादूनायते यांना बखरीचे टंकलेखन करताना पकडले. संपादक फादर सिगितास ताम्केव्हिच्युस १९८३ साली पकडले गेले व याच तळघरात त्यांची चौकशी झाली. तरीही बखर थांबली नाही. १९८९पर्यंत तिचे ८१ अंक निघाले.

ऑगस्ट १९९१मध्ये मॉस्कोतील कट फसला आणि केजीबीने इमारत सोडली. पुढे काय करायचे, हा प्रश्न होता. पाडून टाकणे सोपे होते. रंगवून कचेऱ्या थाटणे त्याहून सोपे. लिथुआनियाने तसे केले नाही. माजी राजकीय कैदी व हद्दपारांच्या संघटनेने शासनाबरोबर १९९२ साली तेथे संग्रहालय उभारले. कोठड्या जवळजवळ होत्या तशा ठेवल्या. एका कोठडीत जमिनीवर थंड पाणी सोडत व कैद्याला मधल्या लहानशा चकतीवर उभे करीत. दुसरीच्या भिंतींना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गादी ठोकलेली आहे. जाण्यापूर्वी केजीबीने फाडलेल्या कागदांची पोतीही जपली आहेत. उरलेली दप्तरे त्याच इमारतीतील अभिलेखागारात आहेत. धर्मगुरूंवर पाळत ठेवल्याच्या नोंदी त्यांत आहेत, तशा काही धर्मगुरूंनीच खबरी पुरवल्याच्याही आहेत. त्या झाकून ठेवाव्यात असे आम्हांला वाटत नाही.

तुस्कुलेनायचे उत्खनन १९९४ साली सुरू झाले. बिशपांचे अवशेष ओळखले गेले आणि १९९९ साली तेल्शायच्या कॅथेड्रलमध्ये त्यांचे विधिपूर्वक दफन झाले. त्रेपन्न वर्षांनी बिशप आपल्या धर्मप्रांतात परतले.

परंतु संग्रहालयाची एक बाजू आम्हांला अस्वस्थ करते. त्याला नाव दिले होते ‘वंशसंहार बळींचे संग्रहालय’ आणि त्यात कथा होती मुख्यतः सोव्हिएत छळाची. वास्तविक गेस्टापो याच छताखाली बसत असता नगराबाहेर पानेरियायच्या जंगलात सुमारे ७०,००० ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या आणि बंदुका धरणाऱ्यांत स्थानिक लिथुआनियनही होते. त्या संहाराला संग्रहालयात एक छोटी कोठडी मिळायला २०११ साल उजाडले. नाव बदलून ‘व्यापलेला काळ व स्वातंत्र्यलढ्यांचे संग्रहालय’ असे झाले ते २०१८ साली. आपल्या रक्तसाक्ष्यांचे दुःख खरे होते, म्हणून शेजाऱ्याचे दुःख धाकटे ठरत नाही. टीका करणारे हेच सांगत होते आणि आमच्या मते ते योग्यच होते.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस विल्नियसला होते. पंचाहत्तर वर्षांपूर्वी त्याच दिवशी तेथील ज्यू वस्ती नष्ट केली गेली होती. पोप प्रथम त्या वस्तीच्या स्मारकापाशी मूक प्रार्थनेस थांबले आणि मग गेदिमिनास मार्गावर आले. तळघरात त्यांच्यासोबत आर्चबिशप ताम्केव्हिच्युस होते, एकेकाळचे तेथलेच कैदी. पोपनी कोठड्या पाहिल्या आणि मृत्युदंडाच्या खोलीत मेणबत्ती लावली. पुढच्याच वर्षी ताम्केव्हिच्युस कार्डिनल झाले.

इमारतीच्या मोठ्या भागात स्वातंत्र्यानंतर पुन्हा न्यायालय आले. बाहेरच्या तळदगडांवर ठार झालेल्यांची नावे कोरलेली आहेत. दाव्यासाठी येणारी माणसे त्यांच्याच शेजारून आत जातात.