नावेला मोटर लावायची? मग आधी एचपीचा हिशेब समजून घ्या

वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती काठच्या नावाड्यांसाठी व मच्छीमार बांधवांसाठी उपयुक्त माहिती

विहिरीवर मोटरपंप बसवताना आपण आधी काय पाहतो? पाणी किती खोल आहे, शेत किती एकर आहे. मगच तीन एचपी की पाच एचपी ते ठरवतो. नावेला मोटर घेताना मात्र बहुतेक जण उलटं करतात. "जास्त पावरची घेऊन टाकू, कामी पडेल," असं म्हणून मोठी मोटर आणतात. पंप मोठा झाला तर बिल वाढतं. नावेची मोटर मोठी झाली तर जीवावर बेतू शकतं.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पूल झाले तरी अनेक घाटांवर आजही नावेशिवाय इलाज नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडणीसाठी पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघालेल्या महिला मजुरांचा त्यात जीव गेला. म्हणून मोटरचा विषय निघाला की आधी सुरक्षेचा आणि मग वेगाचा विचार करावा.

नाव किती पळू शकते?

डोंगा किंवा लाकडी नाव पाणी बाजूला सारत चालते. स्पीड बोटीसारखी ती पाण्यावर उचलली जात नाही. अशा नावेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. समुद्रातल्या छोट्या शिडाच्या नावेलाही हाच नियम लागू आहे.

हिशेब सोपा आहे. नावेची पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि अडीचने गुणा. उत्तर किलोमीटर प्रतितास मिळेल.

- १६ फुटी नाव: ४ गुणिले अडीच, म्हणजे सुमारे १० किमी
- २० फुटी नाव: सुमारे ११ किमी
- २५ फुटी नाव: ५ गुणिले अडीच, म्हणजे साडेबारा किमी

हा वेग गाठल्यावर मोटर दुप्पट केली तरी नाव दुप्पट पळत नाही. मागचा भाग खाली दबतो, नाक वर येतं आणि मागून पाणी आत यायची भीती वाढते. पेट्रोल जळतं ते वेगळंच.

मग एचपी किती?

एचपी वजनावर ठरवा. शांत पाण्यात भरलेल्या नावेच्या एका टनाला ३ ते ४ एचपी पुरतात. नदीच्या धारेत चालवायची असेल तर टनाला ५ एचपी धरा.

एक उदाहरण पाहू. २० फुटी नाव, वजन ३०० किलो. आठ माणसं, प्रत्येकी ६० किलोप्रमाणे ४८० किलो. एक मोटारसायकल १२० किलो. मोटर, टाकी, वल्ही मिळून ५० किलो. एकूण ९५० किलो झाले, म्हणजे जवळपास एक टन. या नावेला ५ ते ६ एचपी बरोबर. पावसाळा संपताना धार जोरात असते, तेव्हासाठी ८ एचपी घेतली तरी चालेल. त्यापुढे जाण्यात काही अर्थ नाही. तलावात दोघं जण जाळं टाकायला जात असाल तर २ ते ३ एचपी पुष्कळ झाली.

पुरात मोटर कामी येते का?

नाही. पुराची धार सेकंदाला तीन मीटर असेल तर ती ताशी जवळपास ११ किमी झाली. तुमची २० फुटी नाव जास्तीत जास्त तेवढीच पळते. म्हणजे धारेच्या विरुद्ध फुल रेस दिली तरी नाव जागच्या जागी राहील. आडवी घातली तर खाली वाहून जाईल. भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खाली वैनगंगा चढते. अशा वेळी ५ एचपी असो की १५, नाव काठालाच बांधून ठेवावी.

दांड्याची लांबी मोजायला विसरू नका

एचपी बरोबर असूनही काही मोटरी काम देत नाहीत. कारण दांडा लहान किंवा मोठा पडतो. मोटर अडकवायची ती मागची फळी वरून नावेच्या तळापर्यंत मोजा. १५ इंच भरली तर आखूड दांड्याची मोटर घ्या, २० इंच भरली तर लांब दांड्याची. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती नावेच्या तळाच्या बरोबरीने किंवा इंचभर खाली बसली पाहिजे. पट्टी वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि नुसता फिरतो. फार खाली गेली तर रेतीत आणि गोट्यांत आपटतो.

दोन्ही टोकं निमुळती असलेल्या डोंग्याला मागची फळीच नसते. त्याला बाजूने मोटर बांधण्याचा जुगाड करू नका. नाव एका अंगाला कलते. आधी चांगल्या सुताराकडून मजबूत फळी बसवून घ्या.

उन्हाळ्यात रेती, म्हणून हे बघा

साधी मोटर नदीचंच पाणी ओढून थंड होते. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते. ती थांबली तर लगेच मोटर बंद करा, आत रेती अडकलेली असते. लहान मोटरीच्या पंख्यात एक पिन असते. पंखा दगडाला लागला की ती तुटते आणि गिअर वाचतो. तशा दोन पिना आणि पान्हा सोबत ठेवा.

उथळ पाण्यासाठी लांब शेपटीची मोटर हा दुसरा पर्याय आहे. हवेने थंड होणारं इंजिन वर आणि लांब दांड्याच्या टोकाला पंखा असतो. थायलंड, व्हिएतनामच्या नद्यांत ती सर्रास दिसते. रेती आली की दांडा उचलता येतो. वळवायला मात्र सवय लागते.

पेट्रोल की बॅटरी?

५ एचपीची फोर-स्ट्रोक मोटर फुल रेसवर तासाला सुमारे २ लिटर पेट्रोल खाते. ५०० मीटरचं पात्र ताशी ८ किमीने चार मिनिटांत पार होतं. काठाला लावणं धरून पाच मिनिटं. म्हणजे २० फेऱ्यांना साधारण तीन लिटर. टू-स्ट्रोक वजनाला हलकी असते, पण तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं.

बॅटरीची मोटर तलावासाठी ठीक. ५५ पौंड ताकदीची मोटर फुल चालवली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी अर्धीच वापरायची असते, म्हणजे जेमतेम एक तास. हळू चालवली तर जास्त वेळ चालते. नदीच्या धारेत तिचा भरवसा धरू नका.

कागदपत्रं

मोटर लावली की नाव यंत्रचलित ठरते. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यंत्रचलित नावेची तपासणी आणि नोंदणी लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मोटर घेण्याआधी तहसील कार्यालयात चौकशी करा. अभयारण्यातल्या पाण्यात वनविभागाची परवानगी नसेल तर मोटर नेऊच नका.

दुकानात जाण्याआधी

- नावेची लांबी, मागच्या फळीची उंची आणि भरलेलं वजन कागदावर लिहून न्या.
- सुटे भाग जवळच्या कोणत्या शहरात मिळतात ते विचारा.
- ५ एचपीची मोटर सुमारे २५ किलोची. तिच्याजवळ चालवणारा बसला आणि पेट्रोल ठेवलं की मागे शंभर किलो होतात. सामान पुढे ठेवा.
- नाव भरल्यावर काठ पाण्यापासून किमान एक वीत वर राहिला पाहिजे. मोटर आली म्हणून जास्त माणसं बसवू नका.
- प्रत्येकाला लाइफ जॅकेट द्या. दोन वल्ही नावेतच असू द्या.

मोटर मध्येच बंद पडली तर काठावर वल्हंच आणतं. पैसे कमी पडत असतील तर मोटर एक नंबर लहान घ्या, पण जॅकेट सगळ्यांसाठी घ्या.