छायाचित्रातील बारकोड संगणक कसा वाचतो?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभरातील जैन भाविकांना परिचित आहे. परिसरातील शेतकऱ्यांचे वर्ष मात्र खरिपाच्या सोयाबीनवर ठरते. पेरणीपूर्वी घरात येणाऱ्या बियाण्याच्या पिशवीवर आता काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी संकेत, म्हणजे क्यूआर कोड, छापलेला आढळतो. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी 'साथी' या संगणकप्रणालीचा आरंभ केला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या साहाय्याने विकसित झालेल्या या प्रणालीत अशा संकेताच्या आधारे बियाण्याचा उगम शोधता यावा, अशी कल्पना आहे. औषधांच्या बाबतीतही १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० निवडक नाममुद्रांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले.

हे संकेत वाचण्याचे काम आज बहुतांशी मोबाईलचा कॅमेरा करतो. पण कॅमेरा केवळ चित्र टिपतो. वाचण्याचे काम त्यामागील आज्ञावली करते. अशी आज्ञावली लिहिणाऱ्यापुढे तीन प्रश्न असतात. संकेत वाचता आला का? तो बरोबर वाचला का? आणि वाचलेले खरे आहे का? हे तिन्ही प्रश्न वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली, तर नुकसान पिशवी विकत घेणाऱ्याचे होते.

रेघांची लिपी

बारकोडची कल्पना अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांची. तारायंत्राच्या मोर्स लिपीतील ठिपके आणि रेघा खाली ओढून लांब केल्या तर काय होईल, या विचारातून ती सुचली आणि १९५२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. प्रत्यक्ष दुकानात मात्र ती येण्यास २२ वर्षे लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील एका दुकानात च्युइंगमचे पाकीट बारकोडद्वारे प्रथमच विकले गेले.

आपल्याकडील किराणा मालावर साधारणपणे १३ अंकी 'ईएएन' संकेत असतो. त्याची रुंदी ९५ समान एककांची असते. प्रत्येक एकक काळे किंवा पांढरे. दोन्ही टोकांना प्रत्येकी ३ आणि मध्यभागी ५ एककांच्या सीमारेषा असतात. उरलेल्या जागेत डावीकडे ६ आणि उजवीकडे ६ अंक बसतात. प्रत्येक अंकाला ७ एकके मिळतात आणि त्यांत दोन काळे व दोन पांढरे पट्टे असतात. मग तेरावा अंक कुठे गेला? सर्वांत पहिला अंक रेघांनी थेट लिहिलेलाच नसतो. डावीकडील ६ अंक ज्या दोन पर्यायी पद्धतींनी मांडता येतात, त्यांच्या क्रमातून तो ओळखावा लागतो.

भारतात नोंदलेल्या संकेतांच्या आरंभी ८९० हे अंक असतात. त्यावरून 'माल भारतात बनला' असा निष्कर्ष अनेक जण काढतात, तो चुकीचा आहे. हा क्रमांक भारतातील नोंदणी संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ.

चित्रापासून अंकांपर्यंत

दुकानातील लेझर यंत्राला एक सरळ रेषा वाचायची असते. छायाचित्रात मात्र पिशवी, बोटे, सावली, जाहिरातीचा मजकूर असे सगळेच असते. म्हणून आज्ञावलीचे काम टप्प्याटप्प्याने चालते.

पहिला टप्पा रंग वगळण्याचा. प्रत्येक चित्रबिंदूतील लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे मिश्रण करून करड्या रंगाची एकच छटा काढली जाते. मानवी डोळा हिरव्या रंगाला अधिक संवेदनशील असल्याने त्याला सुमारे ५९, लाल रंगाला ३० आणि निळ्या रंगाला ११ टक्के वजन देण्याची पद्धत रूढ आहे.

दुसरा टप्पा काळे-पांढरे ठरविण्याचा. जपानी शास्त्रज्ञ ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने संपूर्ण चित्रासाठी एक सीमा ठरविता येते; तिच्याहून गडद ते काळे, फिके ते पांढरे. पण पिशवीच्या अर्ध्या भागावर ऊन आणि अर्ध्यावर सावली असेल, तर सावलीतील पांढरा भागही काळा ठरतो. त्यावर उपाय म्हणून चित्राचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकासाठी वेगळी सीमा काढतात. चकाकणाऱ्या, सुरकुतलेल्या प्लॅस्टिकवरील संकेत वाचताना याच टप्प्यावर सर्वाधिक अपयश येते.

तिसरा टप्पा शोधाचा. आज्ञावली चित्रावर आडव्या रेषा कल्पून त्यांवरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रुंदी मोजते. सुरुवात बहुधा मधोमध होते आणि मग आलटून पालटून वर व खाली. सीमारेषांचा साचा आढळला आणि त्याबाहेर पुरेशी कोरी जागा असली, की संकेत सापडला असे मानले जाते. ही कोरी जागा शोभेसाठी नसते; ती डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ एकके असावी, असा नियम आहे.

चौथा टप्पा वाचनाचा. पट्ट्यांची प्रत्यक्ष रुंदी दर छायाचित्रात बदलते, म्हणून केवळ त्यांचे परस्पर प्रमाण पाहतात. उदाहरणार्थ, डाव्या भागात ६ हा अंक १, १, १, ४ या प्रमाणात, तर ८ हा अंक १, २, १, ३ या प्रमाणात लिहिता येतो. छपाईत शाई किंचित पसरली किंवा छायाचित्र धूसर आले, तर हा फरक पुसट होतो.

कोऱ्या जागेसह ईएएन संकेत ११३ एककांचा होतो. सर्वांत बारीक रेघेला किमान दोन चित्रबिंदू मिळायचे, तर चित्रात या संकेताची रुंदी सव्वादोनशे चित्रबिंदूंहून अधिक हवी. मोबाईलवरील संदेशातून पुढे धाडलेले चित्र वाटेत आकाराने लहान केले जाते. मूळ चित्रातून सहज वाचता येणारा संकेत तेथे वाचेनासा होतो, त्याचे कारण हेच.

पडताळणीचा अंक

वाचलेले अंक बरोबर आहेत, हे यंत्राला कसे कळावे? त्यासाठी शेवटचा अंक राखून ठेवलेला असतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक घेऊ. पहिल्या १२ अंकांपैकी विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २८ येते. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ३४. तिची तिप्पट १०२. एकूण १३०. ही संख्या १० ने नि:शेष भागली जाते, म्हणून तेरावा अंक ०. आता नवव्या स्थानावरील ६ चुकून ८ वाचला गेला, तर एकूण १३२ होते, मेळ बसत नाही आणि वाचन रद्द होते.

एकच अंक चुकला, तर ही पद्धत तो हमखास पकडते. मात्र शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि त्यांत ५ चा फरक असला, तर चूक निसटते. त्यामुळे काळजीपूर्वक लिहिलेली आज्ञावली एका वाचनावर थांबत नाही. अनेक आडव्या रेषांवर तोच क्रमांक आला, तरच तो स्वीकारते. चाचणी घेतानाही 'वाचता आले नाही' आणि 'चुकीचे वाचले' यांची मोजणी वेगळी ठेवणे श्रेयस्कर. पहिल्या प्रसंगी माणूस पुन्हा छायाचित्र काढतो. दुसऱ्या प्रसंगी त्याला काही घडल्याचा पत्ताच नसतो.

चौकोनी संकेत

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो समूहात मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन ही आज्ञावलीसाठी खूण असते. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेषा काढली, तरी काळ्या-पांढऱ्या भागांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. तीन कोपरे सापडले, की संकेत आडवा आहे की उलटा, हे कळते आणि तिरप्या कोनातून घेतलेले चित्र गणिताने सरळ करता येते. नंतर प्रत्येक घर काळे की पांढरे, हे क्रमाने वाचतात.

सर्वांत लहान क्यूआर कोड २१ गुणिले २१ घरांचा, तर सर्वांत मोठा १७७ गुणिले १७७ घरांचा असतो. त्याचे खरे बळ चूक दुरुस्त करण्यात आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितावर ही दुरुस्ती आधारलेली आहे. बारकोडमधील पडताळणीचा अंक केवळ 'चूक आहे' एवढेच सांगतो. येथे चूक कोठे आहे आणि मूळ मजकूर काय होता, हेही काढता येते. दुरुस्तीच्या चार पातळ्या असून, सर्वांत वरच्या पातळीत सुमारे ३० टक्के भाग खराब झाला, तरी मजकूर परत मिळतो. फाटक्या, चिखल लागलेल्या पिशवीसाठी ही सोय मोलाची आहे.

मराठी मजकूर या संकेतात बसवायचा, तर जागा अधिक लागते. युनिकोडच्या प्रचलित मांडणीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा-वेलांट्यांसह, ३ बाइट घेते. 'शिरपूर जैन' या नावात अशी ९ चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे. म्हणजे २८ बाइट. सर्वांत लहान क्यूआर कोडमध्ये जास्तीत जास्त १७ बाइट मावतात, त्यामुळे २५ गुणिले २५ घरांचा आकार घ्यावा लागतो. हेच नाव रोमन लिपीत १२ बाइटमध्ये संपते. शिवाय मजकूर युनिकोडचा आहे, ही सूचना संकेतात दिलेली नसेल, तर वाचणाऱ्या आज्ञावलीला अंदाज करावा लागतो. अंदाज चुकला, की मराठीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात.

सुरुवात कशी करावी?

हे सर्व गणित नव्याने लिहिण्याची गरज आज उरलेली नाही. जावा भाषेतील 'झेडएक्सिंग', सी भाषेतील 'झेडबार' आणि चित्रांवर प्रक्रिया करणारा 'ओपनसीव्ही' हे मुक्त संग्रह उपलब्ध आहेत. संगणकाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पायथॉन भाषेत मोजक्या ओळींत चित्र उघडून संकेत वाचता येतो. पण संग्रह वापरणाऱ्याने चाचणीसाठी केवळ पांढऱ्या कागदावरील स्वच्छ संकेत घेऊ नयेत. उन्हातील, संध्याकाळच्या अंधुक प्रकाशातील, घडी पडलेल्या पिशवीवरील चित्रे जमवावीत. संकेत वाचला जात नसेल, तर चित्र फिरवून, लहान-मोठे करून, काळे-पांढरे ठरविण्याची सीमा बदलून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही उत्तर खात्रीचे नसेल, तर ते देऊ नये.

वाचलेले खरे आहे का?

आता तिसरा प्रश्न. संकेत अचूक वाचला गेला, म्हणजे छापणाऱ्याने जे लिहिले ते आपल्याला कळले. ते खरे आहे, असे मात्र सिद्ध होत नाही. क्यूआर कोडचे छायाचित्र काढून तो हजार पिशव्यांवर छापता येतो आणि प्रत्येक प्रत तितकीच बिनचूक वाचली जाते. नक्कल ओळखायची, तर प्रत्येक पिशवीला स्वतंत्र क्रमांक हवा, त्याची नोंद मध्यवर्ती संगणकावर हवी आणि तोच क्रमांक दूरदूरच्या ठिकाणांहून पुन:पुन्हा विचारला गेल्यास इशारा मिळायला हवा. संकेतात संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर आज्ञावलीने तो परस्पर न उघडता आधी दाखवावा. बनावट संकेत तशाच हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर नेऊ शकतो.

याच्याही पलीकडे एक मर्यादा आहे. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी, असे मानक आहे. पण सोयाबीनच्या दाण्याचे आवरण नाजूक असते. पोती आदळली किंवा साठवण चुकली, तर अस्सल बियाण्याचीही उगवण घटते, आणि पिशवीवरचा संकेत मात्र तसाच राहतो. म्हणून १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात हे पाहण्याची जुनी चाचणी आजही आवश्यक आहे. पावती, पिशवी, तिची खूणचिठ्ठी आणि मूठभर बियाणे जपून ठेवावे. दुबार पेरणीची वेळ आली आणि तक्रार करावी लागली, तर मोबाईलने वाचलेल्या क्रमांकाला याच पुराव्यांचा आधार मिळतो.