दोन हप्ते, एक अपघात

दुसऱ्याच्या बेफिकिरीची किंमत सावध माणसाने आगाऊ भरून ठेवायची, ही अमेरिकेतील मोटार विम्याची जुनी रीत आहे. धडक देणाऱ्याकडे विमाच नसेल किंवा असलेला तुटपुंजा असेल, तर जखमी माणसाला त्याच्या स्वतःच्याच विमा कंपनीने भरपाई द्यायची, असे हे संरक्षण. पण घरात दोन गाड्या असतील आणि दोन्हींवर त्यासाठी वेगवेगळा हप्ता भरलेला असेल, तर दोन्ही रकमांची बेरीज करून भरपाई मागता येते का? या बेरजेला तिथे ‘स्टॅकिंग’ म्हणतात आणि साठ वर्षे तिच्यावरून वाद चालू आहे. माझ्या मते बेरजेचा हक्क ही ग्राहकाला मिळालेली मेहेरबानी नव्हती. व्यवस्थेत जन्मापासून राहिलेली उणीव न्यायालयांनी त्यातून थोडीफार भरून काढली.

ती उणीव कशी राहिली हे पाहिले पाहिजे. मॅसॅच्युसेट्सने १९२७ पासून मोटार विमा सक्तीचा केला. न्यूयॉर्कने तसा कायदा केला तो थेट १९५६ मध्ये. मधल्या काळात बहुतेक राज्यांत पैसे भरण्याची ऐपत सिद्ध करण्याची वेळ चालकावर यायची ती अपघात घडून गेल्यानंतर. पहिल्या अपघातातला जखमी त्यामुळे वाऱ्यावर सुटायचा. सक्ती आली तर दरांवर सरकारचा अंकुश येईल आणि नको त्या चालकांनाही विमा द्यावा लागेल, या धास्तीने कंपन्यांचा तिला विरोध होता. पन्नाशीच्या दशकात दबाव वाढला, तेव्हा त्यांनी पर्याय पुढे केला: विमा नसलेल्याला हात न लावता, विमा घेणाऱ्यालाच जास्तीचे संरक्षण विकायचे. १९५७ मध्ये न्यू हॅम्पशायरने प्रत्येक पॉलिसीत ते असलेच पाहिजे असा कायदा केला, पण विम्याची सक्ती मात्र आजतागायत केलेली नाही. व्हर्जिनियात तर शुल्क भरून विम्याशिवाय गाडी चालवण्याची मुभा २०२४ पर्यंत टिकली. पुढे आणखी एक विसंगती दिसली. धडक देणाऱ्याकडे किमान रकमेचा विमा असला की तो ‘विमा नसलेला’ ठरत नसे, म्हणून स्वतः मोठे संरक्षण घेतलेल्या जखमीच्या हाती कधी कधी उलट कमीच पडे. अपुऱ्या विम्याविरुद्धचे वेगळे संरक्षण त्यातून आले.

दरम्यान कंपन्यांनी पॉलिसीत कलमे घातली होती: दुसरीकडून भरपाई मिळत असेल, तर आम्ही देणार नाही. १९६५ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रायंट खटल्यात असे कलम अमान्य केले. कायद्याने जखमीला मिळू शकणारी सर्व रक्कम पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत देण्याची हमी दिली होती; खासगी कराराला तीत काटछाट करता येत नव्हती. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशीच भूमिका घेतली.

बेरजेवर कंपन्यांचा पहिला आक्षेप असा की माणूस एका वेळी एकाच गाडीत बसतो, दोन गाड्यांमुळे धोका दुप्पट होत नाही. पण हे संरक्षण गाडीला चिकटलेले नाही. विमाधारक आणि त्याच्या घरातले लोक पायी चालत असले किंवा दुसऱ्याच्या गाडीत बसलेले असले, तरी ते त्यांच्यासोबत असते. मग एकाच गाडीच्या हप्त्यात ते पूर्ण मिळत असेल, तर दुसरा हप्ता कशाचा घेतला? दुसरा आक्षेप घबाड मिळण्याचा. तोही टिकत नाही. समजा, नुकसान ४०,००० डॉलरचे आणि दोन्ही मर्यादा १५,००० च्या. बेरीज केली तरी हाती ३०,०००च येतात. सिद्ध झालेल्या नुकसानीपलीकडे दमडीही मिळत नाही. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: बेरजेमुळे हप्ता वाढतो, आणि तो न परवडणारे लोक विम्याबाहेर फेकले जातात. म्हणून कमी हप्त्याचा पर्याय असण्यात मला गैर वाटत नाही. प्रश्न तो कसा दिला जातो, हा आहे.

या प्रश्नाला राज्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. मिनेसोटाने १९८५ मध्ये बेरीजच बंद केली. फ्लोरिडाने १९८७ मध्ये बेरीज नसलेली पॉलिसी विकू दिली, पण ती निदान २० टक्के स्वस्त हवी आणि ग्राहकाची लेखी संमती हवी, या अटींवर. पेन्सिल्व्हेनियाने १९९० मध्ये बेरीज हा मूळ नियम ठेवला; ज्याला ती नको, त्याने सही करून हप्त्यात सूट घ्यावी. ज्याने काहीच निवडले नाही, त्याचा हक्क इथे शाबूत राहतो, म्हणून हा मार्ग मला न्याय्य वाटतो. मात्र त्याच पेन्सिल्व्हेनियात दुखापतीसाठी एका व्यक्तीमागे किमान विमा १५,००० डॉलरचा आहे, आणि फ्लोरिडात बहुतेक खासगी मोटारमालकांना दुसऱ्याच्या दुखापतीचा विमा सक्तीचाच नाही. भारतात तृतीय पक्षाच्या मृत्यूसाठी वा दुखापतीसाठी विमा कंपनीच्या दायित्वाला कायद्याने आकड्याची कमाल मर्यादा नाही. म्हणून विमा नसलेल्या गाडीचा प्रश्न आपल्याकडे भेडसावतो, अपुऱ्या रकमेचा नाही. अमेरिकेतला वाद मुळात या आखूड मर्यादांतून जन्मला. त्या वाढवण्याची हिंमत विधिमंडळे दाखवत नाहीत, तोवर दोन हप्ते भरलेल्या जखमीला बेरजेचा हक्क नाकारणे म्हणजे व्यवस्थेच्या अपयशाचा भुर्दंड तिच्या सर्वांत प्रामाणिक ग्राहकावर लादणे आहे.